पडद्याशेजारचा माणूस
वर्गातल्या दृक्‌श्राव्य साधनांची कुळकथा

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात आज शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कुठल्याही विषयाचा व्हिडिओ मिळतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड टिपला की धडा बोलू लागतो. याला आपण ‘डिजिटल वर्ग’ म्हणतो आणि तो काल-परवा जन्मला असे समजतो. त्याची वंशावळ सांगायची झाली तरी कंदील, चित्रपट, रेडिओ, दूरदर्शन, प्रोजेक्टर, मोबाइल अशी यंत्रांचीच नावे एकाखाली एक लिहिली जातात. माझ्या मते ही वंशावळ चुकीच्या घराण्याची आहे. हे कूळ यंत्रांचे नाही, यंत्राशेजारी उभे राहून बोलणाऱ्या माणसाचे आहे. तो माणूस जिथे जिथे बाजूला झाला तिथे शिक्षण पातळ झाले, आणि जिथे टिकला तिथे साध्या रेडिओनेही मोठे काम केले.

मराठी मुलखात याचा आरंभ कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांच्या मुलांच्या ‘शांबरिक खरोलिके’पर्यंत मागे नेता येतो. 1890च्या दशकात ही मंडळी हाताने रंगवलेल्या काचा कंदिलासमोर सरकवून पडद्यावर कथा दाखवत. काच मुकी होती. तिला अर्थ द्यायला निवेदन लागे आणि पुढची काच कधी सरकवायची हे प्रेक्षकांकडे पाहून ठरवता येई. चित्र थांबवण्याचा अधिकार बोलणाऱ्याच्या हातात होता. पुढे 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी एक वेगळीच गोष्ट केली. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी महिन्याहून अधिक काळ रोज त्याचे थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या मिनिटभराच्या पट्टीत बी फुटून वेल वर चढताना दिसला. भांडवल मिळवण्यासाठी केलेला हा प्रयोग होता, शाळेसाठी नव्हे. तरीही भारतातल्या शैक्षणिक चित्रपटाचा मूळ पुरुष मी यालाच मानतो, कारण डोळ्याला एरवी जे दिसूच शकत नाही ते त्याने दाखवले. रोप वाढते हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते, पण वाढताना त्याने ते पाहिलेले नसते. दृक्‌श्राव्य साधनाची खरी गरज इथे आहे. पुस्तकातला परिच्छेद पडद्यावर वाचून दाखवण्यात ती नाही.

दाखवले म्हणजे शिकले असे मात्र होत नाही. याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातच आहे आणि शिक्षणाच्या चर्चेत त्याचा उल्लेख फारच कमी होतो याचे मला वाईट वाटते. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांसाठी शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम. गावातली विसेक माणसे रेडिओभोवती बसत, ऐकून झाले की रेडिओ बंद करत आणि ऐकलेल्यावर बोलत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी मूल्यमापन केले तेव्हा मंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या गावांशी आणि रेडिओ नसलेल्या गावांशीही केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही. लहरी त्याच आणि आवाजही तोच, फरक होता तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या बोलण्याचा. प्रौढ शेतकऱ्यांबाबत जे खरे ठरले ते सातवीतल्या मुलांबाबत खोटे ठरेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

त्यानंतरच्या मोठ्या योजनांनी हा धडा अर्धाच घेतला. 1 ऑगस्ट 1975पासून वर्षभर ‘साइट’ या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगात अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत दूरदर्शन पोचले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण गोंदियाच्या पूर्वेचा रायपूरचा पट्टा होता. तारेच्या जाळीची मोठी छत्री गावात उभी राहिली आणि सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू झाले. मग 27 जानेवारी 1984 रोजी पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली. तिने मराठी मुलांसाठी मराठीत, आपल्या मातीतले कार्यक्रम केले. ती 2017 साली बंद झाली ही महाराष्ट्राच्या शिक्षणाची मोठी हानी आहे, हे मी आडपडदा न ठेवता म्हणतो. पण प्रक्षेपणाला एक जन्मजात मर्यादा होती. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि कुणासाठी थांबत नसे. मागच्या बाकावरच्या मुलीला शंका आली तर ती शंका पुढच्या दृश्याखाली दबून जाई. काच सरकवणाऱ्या हाताला जो अधिकार होता तो उपग्रहाच्या काळात गेला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी 1983 साली मांडले की माध्यमामुळे शिकणे वाढत नाही, वाढते ते अध्यापनाच्या पद्धतीमुळे. माध्यम नुसते वाहून आणते. तसे असेल तर पडद्यावर खर्च कशाला? आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे, पुण्याचा प्रयोग तेच सांगतो. उरलेला मान्य नाही, कारण काही पद्धती माध्यमाशिवाय अस्तित्वातच येत नाहीत. महिन्याची वाढ मिनिटात आणणे खडूने जमत नाही. दुसरे उदाहरण निकाराग्वाचे. 1974 साली सुरू झालेल्या प्रकल्पात तिथे पहिलीच्या मुलांना रेडिओवरून गणित शिकवले गेले. निवेदक प्रश्न विचारून मुद्दाम थांबे, मुले मोठ्याने उत्तर देत, मग बरोबर उत्तर ऐकू येई. त्या वर्गांची प्रगती नेहमीच्या वर्गांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली. थांबणे हा तिथे कार्यक्रमाच्या रचनेचाच भाग होता.

यंत्राशेजारी माणूस लागतो हे गोंदियाने स्वतः अनुभवले आहे. 2020 साली शाळा बंद असताना आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली आणि ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागातून ती नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांसाठी चालली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे रेडिओ किंवा साधा फोन चालला. कार्यक्रमातल्या कृती घरातल्या मोठ्यांसोबत करायच्या होत्या, म्हणजे इथेही यंत्राशेजारी माणूस बसवला होता.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात व्हिडिओ थांबवून चर्चा कधी करायची? प्रश्न खरा आहे. पण दहा मिनिटांचा सलग व्हिडिओ दाखवून पुन्हा तोच भाग फळ्यावर शिकवण्यात जास्त वेळ जातो. तीन मिनिटांची फीत घ्यावी, दोन ठिकाणी थांबवावी आणि ‘पुढे काय होईल?’ विचारावे. विज्ञानाच्या तासाला तर फीत मुलांनीच करावी. एका वाटीत धान पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचे, दुसरीत ओल्या फडक्यावर, आणि रोज ठरल्या वेळी त्याच जागेवरून फोटो घ्यायचा. बुडालेल्या धानाला आधी कोंब फुटून लांबतो आणि मूळ मागे राहते, कारण पाण्याखाली प्राणवायू कमी मिळतो. फडक्यावर मूळ लवकर दिसते. ज्यांच्या घरी पऱ्हे टाकले जातात आणि रोवणी होते त्या मुलांना हे बांधीत दिसत नाही, फोटो ओळीने लावले की दिसते. भाषेच्या तासाला घरात पोवारी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांनी आजीची गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणावी आणि वर्गाने ती थांबवत थांबवत मराठीत लिहावी. भूगोलाला मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. पर्यावरणाला सारस आहे: महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात आहेत आणि नर-मादी जोडीने ओरडतात. त्यातला नराचा आवाज कोणता, हे ऐकून, थांबवून, पुन्हा ऐकूनच कळते.

साधनांच्या पैशाचा प्रश्नही उरतोच, पण वरच्या एकाही कृतीला एका मोबाइलपेक्षा जास्त काही लागत नाही. म्हणून जिल्हा परिषदेला आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी पडदा आणि प्रोजेक्टर मंजूर करताना त्याच ठरावात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवसही लिहा, आणि त्या प्रशिक्षणात यंत्र सुरू कसे करायचे याच्याआधी ते कुठे थांबवायचे हे शिकवा.