जुना साचा निवृत्त होतो तेव्हा

इतिहास म्हटला की राजवटी आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु साधनांनाही इतिहास असतो, आणि तेथील सत्तांतरे नगारे न वाजता होतात. अशाच एका सत्तांतराचा आम्ही आज विचार करणार आहोत.

अनेकजण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात, तेव्हा प्रत्येकाचे काम महिनोन्‌महिने वेगळे राहिले तर अखेरीस ते जुळवणे जड जाते. म्हणून काम वरचेवर एकत्र आणावे आणि यंत्राकडून लगेच तपासून घ्यावे, ही रीत रूढ झाली. तिला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. केंट बेक यांनी १९९९ साली आपल्या पुस्तकात तिचा पुरस्कार केला. २००१ मध्ये ‘क्रूझकंट्रोल’ हे साधन आले. त्या काळी तपासणीचे यंत्र बहुधा आपल्याच कचेरीत असे. ते जुने झाले, तरी चालते आहे तोवर त्याला कोण हात लावणार? पुढे २०११ मध्ये ‘ट्रॅव्हिस’ आणि २०१९ मध्ये ‘गिटहब अ‍ॅक्शन्स’ या सेवा आल्या, आणि यंत्र परक्याचे झाले. प्रत्येक तपासणीसाठी तयार साच्यातून, म्हणजे ‘इमेज’मधून, कोरे यंत्र उभे करायचे आणि काम संपताच मोडायचे. घर भाड्याचे झाले की मुदतही मालकच ठरवतो!

मात्र मालकाचा हा केवळ लहरीपणा नव्हे. ‘उबंटू’ची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिची नेहमीची देखभाल पाच वर्षे चालते. त्यानंतर सुरक्षेची नेहमीची डागडुजी थांबते. एप्रिल २०२० च्या आवृत्तीचा साचा गिटहबने १५ एप्रिल २०२५ रोजी काढून घेतला. तत्पूर्वी मार्चमध्ये ठरावीक दिवशी काही तास तो मुद्दाम बंद ठेवला होता. सूचना न वाचणाऱ्यांना जाग यावी, हाच त्यातला हेतू.

साचा बदलला की न लिहिलेली गृहीतके उघडी पडतात. २०२२ च्या उबंटूत ‘ओपन-एसएसएल’ची तिसरी पिढी आली, आणि जुन्या पिढीवर विसंबलेली कामे अडली. त्याहून खोल प्रश्न ‘जी-लिब-सी’ या मूळ ग्रंथालयाचा. २०२० च्या उबंटूत त्याची २.३१ ही आवृत्ती होती, २०२२ च्या उबंटूत २.३५. जुन्या पायावर बांधलेला प्रोग्रॅम सहसा नव्यावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असा भरवसा नाही. म्हणजे साचा बदलताच, जुना संगणक वापरणारा कोणी दूरचा माणूस नकळत दाराबाहेर राहतो.

पायथॉनच्या मंडळींनी हे ओळखून २०१४ च्या ‘सेंटओएस ७’ या जुन्या प्रणालीचा पाया मुद्दाम धरला, तो अधिकांत अधिक यंत्रांवर आपले काम चालावे म्हणून. ३० जून २०२४ रोजी त्या प्रणालीचीही देखभाल संपली.

तेव्हा जुने तसेच कवटाळणे सुरक्षित नाही, आणि ‘लेटेस्ट’ एवढेच लिहून निश्चिंत होणेही शहाणपणाचे नाही. त्या शब्दामागचा साचा परस्पर बदलतो. आवृत्तीचे नाव स्पष्ट लिहावे, लागणारी साधने स्वतः मांडावीत, आणि जुन्या यंत्रांसाठी बांधायचे असेल तर तो पाया वेगळ्या कंटेनरमध्ये, धोका ओळखून ठेवावा. कोणाला आत ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा, हा निर्णय आहे. तो पंचांगाने नव्हे, माणसांनी समजून उमजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.