गार पाणी, गरम पाणी आणि डोळे

मागे मला चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी कानात आधी गार, मग कोमट पाणी सोडलं आणि माझे डोळे बघत बसले. पुतणीने फोनवर विचारलं, "काका, चक्कर डोक्यात, पाणी कानात, मग बघायचं डोळ्यांत कशाला?" तिच्यासाठी हे लिहितोय. तुम्हीही वाचा.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. कान धुताना रोग्यांना भोवळ यायची. एका रोग्याने सांगितलं, पाणी गार असलं तरच भोवळ येते. पुढच्या वेळी पाणी भलतंच गरम निघालं, तरी भोवळ आलीच! पण डोळ्यांचे झटके आता उलट्या दिशेने होते. (असा विद्यार्थी वर्गात मिळाला असता तर!)

बारानींना न्हाणीचा बंब आठवला, वरचं पाणी गरम, खालचं गार. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. तो तापला की वर चढणार, निवला की खाली बसणार. मेंदूला वाटणार, डोकं फिरतंय, आणि डोळे आपोआप सरकणार. मग त्यांनी भाकीत केलं: डोकं उलटं केलं तर झटक्यांची दिशाही उलटली पाहिजे. तशी ती उलटली! उजव्या कानात गार पाणी घातलं तर झटके डावीकडे, गरम घातलं तर उजवीकडे. आपण मनात आणून यात काही बदलू शकत नाही, म्हणून तर डॉक्टरांचा त्यावर भरवसा.

१९१४ चं नोबेल १९१५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा बारानी रशियाच्या कैदेत, मर्वला होते. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी मध्यस्थी केली आणि १९१६ मध्ये ते सुटले. पुढे ते उप्सालाला स्थायिक झाले.

आता खरी गंमत. गरम वर, गार खाली हे गुरुत्वाकर्षणामुळे होतं. म्हणजे अंतराळात डोळे स्थिर राहायला हवेत. १९८३ मध्ये कोलंबिया यानातल्या स्पेसलॅबमध्ये अंतराळवीरांचे कान गरम-गार करून पाहिले. झटके आलेच! म्हणजे अभिसरण हे एकच कारण नव्हे. तापमानाने द्रवाचं आकारमान बदलतं, शिवाय मज्जातंतूंवर थेट परिणाम होतो, अशी कारणं मग पुढे आली. जमिनीवर मात्र बारानींचं भाकीत आजही चालतं. ३० आणि ४४ अंशांचं पाणी वापरून दोन्ही कानांची तुलना करतात. माझा डावा कान मंद निघाला.

स्पेसलॅबचा निकाल बारानींना कळला नाही. ते १९३६ मध्येच वारले होते.