बंद खोली आणि उघडी ज्योत

२०२१ च्या आरंभी पूर्व लडाखमध्ये सैन्य मोठ्या संख्येने तैनात असताना, महिनाभराच्या अंतराने दोन बातम्या देशभर वाचल्या गेल्या. जानेवारीतील बातमी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची, म्हणजे डीआरडीओची होती. तिच्या दिल्लीतील ‘डिपास’ या प्रयोगशाळेने ‘हिम तापक’ नावाची सुधारित बुखारी तयार केली होती आणि लष्कराने ४२० कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी नोंदवली होती. फेब्रुवारीतील बातमी सोनम वांगचुक यांच्या सौर तंबूची होती. दहा जवान झोपू शकतील असा, सुटे भाग जोडून उभा करायचा तंबू. एकही भाग तीस किलोपेक्षा जड नाही. रात्री दहा वाजता आत अधिक १५ अंश सेल्सिअस, आणि आदल्या रात्रीचे बाहेरचे किमान तापमान उणे १४. आत शेगडी नाही, रॉकेल नाही.

दुसऱ्या बातमीचे कौतुक अधिक झाले आणि ते योग्यच होते. मात्र पहिल्या बातमीतील एक दावा माझ्या मनात राहिला. नव्या बुखारीमुळे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने जवान दगावणार नाहीत, असे तीत म्हटले होते. थंडीपासून बचाव करणारे उपकरणच माणसाला मारते, ही गोष्ट एकविसाव्या शतकातही बातमीत सांगावी लागते. ती का सांगावी लागते, हे समजून घ्यायचे तर फिरत्या निवाऱ्यांच्या, म्हणजे तंबू, मोटारीमागे ओढायचे ट्रेलर, बर्फात अडकलेली जहाजे आणि हिमवाहने यांच्या इतिहासाकडे जावे लागते.

आधी थोडे गणित. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा ट्रेलरचे एकूण पृष्ठफळ ४८ चौरस मीटर भरते. भिंत म्हणजे नुसता धातूचा पत्रा असेल, तर दर चौरस मीटरमागे, तापमानातील दर अंशाच्या फरकामागे साधारण साडेपाच वॅट उष्णता बाहेर जाते. आत १५ आणि बाहेर उणे १५, म्हणजे ३० अंशांचा फरक धरला, तर जवळजवळ आठ किलोवॅट. घरातील पाण्याचे चार गीझर अखंड चालू ठेवण्यासारखे हे आहे. भिंतीला सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर जाडीचा चांगला फोम लावला की हाच आकडा नऊशे वॅटच्या आसपास येतो. आता चार माणसांच्या श्वासासाठी तासाला ६० घनमीटर ताजी हवा आत घ्यायची ठरवली, तर ती तापवायला सुमारे सहाशे वॅट लागतात.

इथे खरी गोम आहे. पत्र्याच्या उघड्या खोलीत ताज्या हवेचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो. भिंत जसजशी सुधारते, तसतसा तो डोळ्यांत भरू लागतो. उत्तम उष्णतारोधन केलेल्या खोलीत माणसाला सर्वांत मोठी गळती दिसते ती झरोक्यातून, आणि तो झरोक्यात चिंधी कोंबतो.

भिंतीचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. फ्रिट्योफ नान्सेन यांचे ‘फ्राम’ हे जहाज कॉलिन आर्चर यांनी बांधले आणि १८९३ मध्ये ते नॉर्वेहून उत्तर ध्रुवाकडे निघाले. ते मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचे होते, त्यामुळे प्रवास सुरू असतानाच त्याला काही वर्षे घर व्हायचे होते. आधीच्या मोहिमांचा अनुभव वाईट होता. माणसांच्या श्वासातील आणि स्वयंपाकातील वाफ थंड भिंतींवर जमे, तिचे पाणी बिछान्यांत उतरे आणि अंथरुणांचा बर्फ होई. नान्सेन यांनी भिंतीत थर रचले: बाहेरून डांबरी नमदा, मग बुचाचा भराव, फळ्या, पुन्हा जाड नमदा, मग हवाबंद लिनोलियम, आणि सर्वांत आत लाकडी आवरण. छतात रेनडिअरचे केस भरले. वरच्या झरोक्याला तीन काचा बसवल्या. दिवाणखान्यात शेकोटी पेटली की भिंती कोरड्या राहत, असे त्यांनी समाधानाने नोंदवले आहे.

त्या लिनोलियमची जागा पाहण्यासारखी आहे. ते थंड बाजूला नाही, उबदार बाजूला आहे. आतील दमट हवा नमद्यात शिरली असती, तर भिंतीच्या पोटात जिथे तापमान दवबिंदूखाली जाते तिथे तिचे पाणी झाले असते, आणि ओला नमदा उष्णता रोखत नाही. बाष्परोधक थर उबदार बाजूला हवा, हा नियम इमारतशास्त्रात रूढ झाला तो १९३० च्या दशकात. अमेरिकेच्या मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेतील एल. व्ही. टीस्डेल यांनी १९३७ मध्ये भिंतींतील दवीकरणावर लिहिले, त्या सुमारास. नान्सेन यांनी तो चाळीसेक वर्षे आधी वापरला. तो त्यांना सिद्धान्त म्हणून ठाऊक होता की कारागिराच्या शहाणपणातून आला, हा प्रश्न मला गौण वाटतो. आजही हौसेने गाडीला आतून फोम चिकटवणारे पुष्कळ जण हा थर विसरतात, आणि दुसऱ्या हिवाळ्यात फोममागचा पत्रा गंजलेला पाहून चकित होतात.

ज्योतीचा प्रश्न मात्र अवघड निघाला. १९३४ च्या मार्चअखेर अमेरिकेचे नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातील एका लहानशा खोलीत एकटेच हिवाळा काढायला राहिले. बॉस्टनमध्ये तयार केलेली ही सुट्या भागांची खोली सुमारे नऊ फूट बाय तेरा फूट होती. ती ट्रॅक्टर आणि घसरगाड्यांवरून ‘लिटल अमेरिका’ या मुख्य तळाच्या दक्षिणेला जवळजवळ दोनशे किलोमीटर नेऊन बर्फात पुरली होती. हवामानाच्या नोंदी करणे हे बर्ड यांचे काम. बाहेर तापमान उणे ५० च्याही खाली जाई. आत तेलावर चालणारी शेगडी होती. तिच्या धुराड्याचे सांधे नीट बसत नव्हते आणि हवेच्या वाटा बर्फाने बुजत होत्या. खोलीलगतच्या बर्फाच्या बोगद्यात रेडिओसाठी जनित्र होते. मेच्या अखेरच्या दिवशी त्या जनित्राच्या धुराने ते कोसळले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. थोडेसे प्रमाणही साचत जाते: डोके दुखते, मळमळते, हातापायांतील बळ जाते, आणि मुख्य म्हणजे विचारशक्ती मंदावते. धोका ओळखायला जे लागते, तेच हा वायू आधी काढून घेतो.

बर्ड यांना कारण उमगले; पण उमगून उपयोग मर्यादित होता. शेगडी पेटवली तर विष, विझवली तर गोठणे. त्यांनी दिवसातील अनेक तास ती बंद ठेवायला सुरुवात केली, आणि उरलेल्या वेळी जेवढे विष शरीराला पेलेल तेवढे सोसले. मुख्य तळावर त्यांनी आजार कळवला नाही. ध्रुवीय रात्रीत कोणी आपल्यासाठी जीव धोक्यात घालू नये, हा त्यांचा विचार. पण त्यांचे रेडिओसंदेश विस्कळीत होऊ लागले आणि तळावरील माणसांना शंका आली. दोन अयशस्वी प्रयत्नांनंतर, ऑगस्टमध्ये तिघांची तुकडी ट्रॅक्टरने त्यांच्यापर्यंत पोहोचली.

त्या तुकडीचे प्रमुख थॉमस पोल्टर. ते भौतिकशास्त्रज्ञ होते. अतिउच्च दाबाखालील पदार्थ हा त्यांचा विषय. पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांना ज्यांचे नाव आहे ते जेम्स व्हॅन ॲलन हे त्यांचे विद्यार्थी. पोल्टर ज्या खोलीत शिरले तिची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि पाच वर्षांनी त्यांनी जे यंत्र बांधून घेतले त्यात राहण्याच्या खोलीत ज्योत नव्हती.

ते यंत्र म्हणजे ‘स्नो क्रूझर’: ५५ फूट लांब, सुमारे ३४ टन वजनाचे चाकांवरचे घर, दहा फूट व्यासाचे टायर, छतावर लहान विमान, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रयोगाची जागा. शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटच्या संशोधन संस्थेने ते उभारले. त्याच दशकात अमेरिकेत घरगुती ट्रेलरची लाट होती. ॲल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १९३६ मध्ये आला होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये क्रूझर शिकागोहून रस्त्याने बॉस्टनकडे निघाले, तेव्हा ते पाहायला गर्दी लोटली.

अंटार्क्टिकात उतरल्यावर फजिती झाली. गुळगुळीत टायर बर्फात रुतले. वाहन पुढे जाण्यापेक्षा मागे बरे चाले, आणि त्याचा सर्वांत लांबचा प्रवास, सुमारे दीडशे किलोमीटरचा, उलट्या दिशेने झाला. लोकप्रिय लेखांत क्रूझरची कथा बहुधा इथेच हशा पिकवून संपते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण त्यातील एक गोष्ट पूर्ण यशस्वी झाली होती: ऊब. डिझेल इंजिनांना थंड ठेवणारे द्रव सगळ्या खोल्यांतून फिरवले होते. इंधनातील सुमारे एकतृतीयांश ऊर्जाच इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची शीतकात आणि धुरात जाते. पोल्टर यांनी शीतकातील वाया जाणारा वाटा घरात आणला. जळण्यासाठीची हवा, जळल्यानंतरचा धूर आणि माणसाच्या श्वासाची हवा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भिंत ओलांडून आली ती केवळ उष्णता. झोपताना हलके पांघरूण पुरते, असे आतील माणसे सांगत. चाकांनी दगा दिल्यावर तेच वाहन बर्फात रोवून हिवाळाभर घर म्हणून वापरले गेले. १९५८ मध्ये एका पथकाने ते बर्फाखालून शोधून काढले. त्यानंतर ते हरवले ते कायमचे.

आज थंड देशांतील ट्रेलरमध्ये बसवतात त्या हीटरचे मूळ तत्त्व हेच आहे: ज्वलनकक्ष पूर्ण बंद, हवा बाहेरून आत, धूर बाहेर, आणि मध्ये धातूची भिंत. तत्त्व समजायला सोपे. पण हलक्या सामानानिशी डोंगरात तंबू ठोकणाऱ्याला ते परवडतेच असे नाही.

भारतालाही याची किंमत मोजावी लागली. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये तिथे उतरली. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ हे स्थानक उभे राहिले. ते बर्फाखाली दबत गेल्यावर ‘मैत्री’ आले. जानेवारी १९९० मध्ये, नवव्या मोहिमेत, स्थानकापासून दूर तंबूतळावर राहणारे चार सदस्य कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मरण पावले. जानेवारी हा तिथला उन्हाळा. ही माणसे विज्ञान जाणणारी होती. त्यांच्यापाशी ज्ञान कमी होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. बर्ड यांच्यासारखा अनुभवी माणूसही त्याच सापळ्यात सापडला होता. वारा अडवणारा कोणताही चांगला तंबू तो सापळा पुन्हा रचत असतो.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राने २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ हे तिसरे स्थानक सुरू केले. ते १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधले आहे. सामान घेऊन जहाजातून आलेले कंटेनरच पुढे खोल्या झाले आणि त्यांच्याभोवती उष्णतारोधक कवच चढवले गेले. कंटेनर हा पोलादाचा असतो, आणि पोलाद उष्णतेला फोमच्या हजारपटीहून सहज वाट देते. म्हणून कवच सलग बाहेरून असणे महत्त्वाचे. धातूची एखादी फासळी आतून बाहेर गेली, तरी ती उष्णतेचा पूल होते आणि नेमकी तिच्यावरच वाफ जमते. ‘भारती’त वीज निर्माण करणाऱ्या संचांचीच उष्णता स्थानक उबदार ठेवायला वापरतात. स्नो क्रूझरमधील कल्पना इथे मोठ्या प्रमाणावर आणि न फिरणाऱ्या घरात आली आहे.

वांगचुक यांच्या तंबूचा वंश वेगळा. काचेमागे गडद रंगाची जाड भिंत ठेवून उन्हाची उष्णता साठवायची, या रचनेचे पेटंट अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये घेतले होते. फ्रान्समध्ये फेलिक्स ट्रॉम्ब यांनी १९६० च्या दशकात ती ओदेय्यो येथे घरांत वापरली, आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. लडाखमध्ये वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते, त्यामुळे तिथे ही भिंत चांगली रुजली. स्वयंसेवी संस्थांनी ती मातीच्या घरांत आणली आणि वांगचुक यांच्या ‘सेकमॉल’ने तिच्यासारखीच सौर तत्त्वे शाळेच्या इमारतींत वापरली. मातीची भिंत पाठीवर नेता येत नाही, ही अडचण उरली होती. तंबूत दक्षिणेकडे उन्हाची पारदर्शक खोली, मागे झोपण्याची थरांनी वेढलेली खोली आणि दोहोंमध्ये उष्णता साठवणारी भिंत अशी विभागणी करून ती सोडवली गेली.

या तंबूला मर्यादा आहेत. सलग ढगाळ दिवस आले की साठा रिता होतो, आणि सियाचीनसारख्या ठिकाणी तर वादळ अनेक दिवस टिकते. म्हणून सुधारित बुखारीची बातमी सौर तंबूच्या बातमीने रद्द होत नाही. लष्कराला दोन्ही लागतील. पण ज्या रात्री आत ज्योत नसते, त्या रात्री झरोक्याचे काम बरेच हलके होते. त्याला विष बाहेर काढायचे नसते. दहा झोपलेली माणसे आठ तासांत श्वासातून आणि त्वचेतून साधारण तीन लिटर पाणी हवेत सोडतात. तेवढे पाणी पहाटेपर्यंत बाहेर जाऊ द्यायचे, नाहीतर ते तंबूच्या कापडावर बर्फ होऊन जमते आणि सूर्य वर आला की अंथरुणावर टपटपू लागते.