दहापर्यंत मोजणारी सुईण आणि न्यूमोनियाचे निदान

बालकाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी क्ष-किरण यंत्र असलेच पाहिजे असे नाही. श्वास मोजता आले तरी पुरते. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० हून अधिक आणि त्याहून लहान बाळाचा ६० हून अधिक झाला, की धोका ओळखावा. पण १९८०च्या दशकातील गडचिरोलीत आजारी बाळापर्यंत सर्वांत आधी पोहोचे ती सुईण. ती बहुधा निरक्षर, आणि पन्नासपर्यंतची मोजणी तिच्या व्यवहारात कधी आलेलीच नव्हती.

१९८६ साली जिल्ह्यात आलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सुइणीला अंक शिकवण्याऐवजी यंत्रच तिच्या मोजणीला जुळवून घेतले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. ना वीज, ना अक्षर! ‘स्मार्ट’ हा शब्द आज ज्या वस्तूंना सहज चिकटतो, त्यांतील किती या कसोटीला उतरतील?

१९८८-८९ मध्ये सुइणी व गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर को-ट्रायमॉक्साझोलने उपचार केले. त्यांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के. हा अभ्यास १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. परके उपकरण घरात शिरले ते ओळखीच्या हातातून, हे येथे विसरता येत नाही.

रुग्णालयाला मात्र तसा ओळखीचा हात नव्हता. आदिवासी तेथे येईनात. बंग दांपत्याने त्यांनाच कारण विचारले. उत्तरे औषधांविषयी नव्हतीच. डॉक्टर-परिचारिकांचे पांढरे कपडे पाहून प्रेताला गुंडाळतात ते वस्त्र आठवते. रोग्यासोबत नातलगांना राहता येत नाही. आणि तेथे देव नाही.

त्यामुळे धानोरा तालुक्यात चातगावजवळच्या शोधग्रामात उभा राहिलेला दवाखाना गोंड वस्तीसारखा दिसतो. रोग्याचे कुटुंब सोबत राहू शकेल अशा झोपड्या आहेत, आणि नाव आहे ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.