मर रोग आणि मुळांचे मित्र

बुलढाणा जिल्ह्यांतील वरवट बकालच्या परिसरांत काळ्या जमिनींत तूर पिकते. शेंगा धरण्याच्या सुमारास भरांत असलेलें एखादें झाड एकाएकीं मान टाकतें आणि उभ्या उभ्या वाळतें. वऱ्हाडांत यास ‘मर’ म्हणतात. बिहारमधील पुसा येथील शास्त्रज्ञ एडविन बटलर यांनीं १९१० सालीं या रोगाची बुरशी वर्णिली. ती जमिनींतून मुळांत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका कोंडून टाकते. बुरशी म्हणजे पिकाची वैरीण, असा समज होणें त्यामुळें स्वाभाविक होतें.

परंतु १८८५ सालींच जर्मनींत फ्रँक यांनीं वेगळी गोष्ट दाखविली होती. ट्रफल या खाद्य बुरशीची लागवड साधेल काय, याचा शोध घेतांना त्यांना वृक्षांच्या मुळांशीं बुरशी सलोख्यानें नांदतांना दिसली. या सहवासास त्यांनीं ‘मायकोरायझा’ हें नांव दिलें. पिकांच्या मुळांतही अशीच, परंतु निराळ्या जातीची बुरशी राहते. ती दूरवरचें स्फुरद आणून देते व मोबदल्यांत झाडाची साखर घेते.

इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसविली. त्यांचा ग्रंथ १९३१ सालीं निघाला. पुढें १९४० च्या ग्रंथांत हॉवर्ड यांनीं असें खत, मायकोरायझा आणि पिकाचें आरोग्य यांचा संबंध जोडला. त्यांत अनुमानाचा भाग मोठा होता. तरी पुढील संशोधनानें मूळ कल्पनेस आधार मिळाला. मित्रबुरशीनें मुळांत आधींच ठाण मांडलें कीं शत्रूस जागा व अन्न अपुरें पडतें, आणि झाडाची संरक्षणशक्ति सावध होऊन पुढील हल्ल्यास त्वरेनें तोंड देते. ट्रायकोडर्मा ही दुसरी मित्रबुरशी तर शत्रूच्या तंतूंना विळखा घालून त्यांनाच खाते. वाइंडलिंग यांनीं हें १९३२ सालीं दाखविलें. आज तिची भुकटी पेरणीपूर्वीं बियाण्यास चोळतात.

तथापि हे मित्र सर्वशक्तिमान नव्हेत. मर रोगाची बुरशी शेतांत वर्षानुवर्षें टिकते. तुरीसोबत ज्वारी पेरण्याची जुनी चाल येथें उपयोगी पडते. इक्रिसॅट या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ज्वारीच्या आंतरपिकानें तुरीची मर घटल्याचें दिसून आलें. शिवाय ज्वारीच्या मुळांवर मायकोरायझाही पोसली जाते. स्फुरदाचा अतिरेक आणि दीर्घकाळ पडीक ठेवलेली जमीन मात्र या मैत्रीस मारक ठरते. मेलेलें झाड उपटून जाळतां येतें. पण पुढील वर्षाचें पीक वांचवावयाचें तर जमिनींतील मित्रांचें पोषण आधींच करावें लागतें.