शेटलंडची लोकर-सहल: मुक्काम १८७२

अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी सुटलेली बोट रात्रभर उत्तर समुद्रात हिंदकळते आणि सकाळी तुम्हाला लर्विकच्या धक्क्यावर आणून सोडते. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, साठाव्या अक्षांशावर शेटलंडची शंभरेक बेटं पसरलेली आहेत, आणि त्यांतल्या सोळांवर माणसं राहतात. झाड शोधावं लागतं, मेंढ्या मात्र जिकडेतिकडे. तुमच्या सहलीत सगळी सुयावाली मंडळी आहेत. कुणी बालमोजे विणून नातवंडांना पुरवलेत, कुणी यूट्यूबवर फेअर आयल बेटाची रंगीत वीण शिकून आलंय. सप्टेंबरच्या अखेरीस इथं लोकरीचा आठवडा भरतो, जगभरातून विणणारे येतात, त्यासाठीच ही सहल.

नाश्त्याला सहलप्रमुख सूचना देतो. "मंडळी, आज आपण जरा मागं जाणार आहोत. गोलाकार सुया, टाके मोजायची प्लॅस्टिकची साधनं, चेनची जाकिटं, सगळं खोलीवर ठेवा. जाड लोकरी घागरे आणि शाली दिल्यात, त्या चढवा. आणि जुने शिलिंग कुणी हौसेनं घेतले असतील तर तेही इथंच राहू द्या. तिकडे त्यांचा काही उपयोग नाही."

हे शेवटचं तुम्हाला पटत नाही. जुन्या काळात जायचं आणि जुनं नाणं चालायचं नाही? तुम्ही एक शिलिंग गुपचूप कनवटीला लावता.

पहिला थांबा, जून १८७१. अन्स्ट, अगदी उत्तरेचं बेट.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि अजून सुईत दोरा ओवता येईल इतका उजेड आहे. या दिवसांत इथं धड रात्र होतच नाही. गावात पुरुष दिसत नाहीत. ते सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन खोल समुद्रात मासेमारीला गेलेत, किनाऱ्यापासून चाळीस-चाळीस मैलांवर. चाळीसेक वर्षांपूर्वी, जुलै १८३२ मध्ये, एकाच वादळात शंभरावर माणसं गेली होती. ती गोष्ट इथल्या प्रत्येक म्हातारीला नावांसकट पाठ आहे. म्हणून शेत, गाय, पोरं, जळण आणि मेंढ्या हे सगळं बायकांच्या अंगावर.

दगडी कुंपणाच्या आत मेंढ्या कोंडल्यात. तुम्ही कात्री शोधू लागता, पण कात्री नाहीच. शेटलंडची मेंढी उन्हाळ्याच्या तोंडाशी आपली जुनी लोकर आपणच सोडू लागते. एक बाई मेंढी आडवी पाडून तिचे पाय बांधते, मानेपाशी बोटं रोवते आणि लोकर नुसती उपटून काढते. तुम्हालाही बोलावते. तुम्ही भीत भीत चिमूट धरून ओढता. झुबका अलगद हातात येतो, खाली नवी तोकडी लोकर तशीच राहते, आणि मेंढी ओरडतसुद्धा नाही. तळहात मेणचट होतात, लोकरीच्या तेलाचा उग्र वास बोटांना बसतो. मानेची लोकर बाई वेगळ्या टोपलीत टाकते, कारण सगळ्यात मऊ तीच. जाळीदार शालींचं सूत त्यातूनच निघतं. बाकीची लोकर मोज्यांना, बंड्यांना. पांढरी, काळी, करडी, तांबूस तपकिरी असे रंग मेंढ्यांच्याच अंगावर असतात. तपकिरीला त्या 'मूरित' म्हणतात.

घरात शिरताना वाकावं लागतं. गवती छप्पर, त्यावर दोऱ्या टाकून टोकांना दगड बांधलेले, नाहीतर वारा छप्पर उडवून नेईल. मधोमध पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची आग, धूर डोळ्यांत. भिंतीला माशाच्या तेलाचा दिवा. हिवाळ्यात त्याच उजेडात पांढऱ्या शालीचे टाके मोजायचे. एका कोपऱ्यात म्हातारी चाकावर सूत काढतेय. ते इतकं बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय तुम्हाला दिसत नाही. अशा सुताची सहा फूट लांब, सहा फूट रुंद शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते. विणून झाली की ती धुवायची, गंधकाची धुरी देऊन पांढरी करायची आणि चौकटीवर ताणून वाळवायची. तेव्हा कुठं नक्षी उमलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीट आणायला निघालेल्या बायकांबरोबर तुम्ही चालता. पाठीवर गवताची विणलेली टोपली, तिचा पट्टा छातीवरून घेतलेला. टोपलीत जळणाचा डोंगर, वाट दलदलीची, आणि दोन्ही हात मात्र विणतायत! कमरेला कातडी पट्टा, त्यावर घोड्याचे केस ठासून भरलेली भोकाभोकांची उशी. एका सुईचं टोक त्या भोकात रोवलेलं, त्यामुळे सुईचा भार पट्ट्यावर आणि उजवा हात मोकळा. सुया सरळ, लांब, दोन्ही टोकांना अणकुचीदार. टाके दिसत नाहीत इतक्या वेगानं पुढं सरकतात. बाई तुमच्याकडे बघून बोलते, हातांकडे बघतही नाही.

"तुमच्याकडे बायका विणतात का?" ती विचारते.

"विणतात की. दुपारी, निवांत वेळ मिळाला की."

निवांत हा शब्द ऐकून ती हसते. मागून येणारीला सांगते, तीही हसते. तुम्हाला विणकाम म्हणजे विसावा वाटतो. यांच्याकडे पाठीवर ओझं असतानाही हात रिकामे राहिले, तर तेवढा वेळ फुकट गेला.

दुसरा थांबा, डिसेंबर १८७१. लर्विक.

बंदराच्या उत्तरेला ग्रेमिस्टाचं जुनं दगडी घर दिसतं. १७९२ साली आर्थर अँडरसन तिथं जन्मला. किनाऱ्यावर मासे वाळवणारा हा पोरगा पुढं पी अँड ओ बोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. मुंबईच्या धक्क्याला पुढं वर्षानुवर्षं लागणाऱ्या बोटी त्याच कंपनीच्या. १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेलिसला जिच्यातून उडी टाकली, ती 'मोरिया' बोटही तिचीच. याच अँडरसननं १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे बारीक मोजे भेट दिले. राणीनं पायात घातले म्हटल्यावर लंडनच्या बायकांना शेटलंडचं वेड लागलं. मागणी वाढली, शाली भराभर विकल्या जाऊ लागल्या.

मग पैसा कुठं गेला? ते बघायला तुम्ही दुकानात शिरता.

फळीवर कापडाचे तागे, चहाची पेटी, साखर, बटणं, फिती. एक तरुण मुलगी शालीखालून कागदात गुंडाळलेला जाळीदार बुरखा काढते. दुकानदार तो उजेडाकडे धरतो, कडा चाचपतो, एखादा टाका सुटलाय का बघतो. किंमत तो सांगतो, ती मान डोलावते. मग वही उघडली जाते. मुलीला मिळतो पाव पौंड चहा आणि झग्याचं सुती कापड. उरलेल्या रकमेची चिठ्ठी, तीही याच दुकानात वटणारी.

"थोडे पैसे मिळतील का? घरभाडं द्यायचंय," ती हळूच म्हणते.

"पैसे आम्ही देत नाही, तुला ठाऊक आहे. आणखी चहा ने हवा तर."

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते याला. शालीवर फारसं काही सुटत नाही असं दुकानदार सांगतो, आणि ते खरंही असेल. त्याचा नफा चहा-कापडात असतो. मुलीला बटाटे हवेत, पीठ हवं. म्हणून ती तो चहा घेऊन शेजारच्या शेतकऱ्याकडे जाणार, त्याला गरज असेल तर तो पीठ देणार, नसेल तर ती पुढचं दार ठोठावणार.

तुम्हाला राहवत नाही. बाहेर गाठून तुम्ही तिला कनवटीचा शिलिंग दाखवता. "पुढचा बुरखा मला दे. रोख देते."

तिची नजर आधी नाण्यावर जाते, मग दुकानाच्या दाराकडे. "लोकर दुकानाची आहे, बाई. तुम्हाला दिला आणि त्यांना कळलं, तर उद्यापासून लोकर बंद."

तुमचं नाणं तुमच्याकडेच राहतं. ते घ्यायचं तर तिला आधी स्वतःच्या मेंढीची लोकर हवी, ती असायला मेंढी चारण्याची जमीन हवी, आणि जमिनीसाठी जमीनदाराची मर्जी. इथल्या कोळ्याचे मासेही पुष्कळदा जमीनदाराच्याच वखारीत जातात. नाहीतर घरातून निघा. उचल, उधारी, खातं हे सगळं आपल्याकडच्या उसाच्या फडापासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत ज्यांनी पाहिलंय, त्यांना याची फोड करून सांगावी लागणार नाही.

तिसरा थांबा, जानेवारी १८७२. लर्विकमधलीच एक खोली.

सरकारनं विल्यम गथ्री नावाच्या वकिलाला शेटलंडला पाठवलंय. मजुरीऐवजी माल देण्याच्या चालीला इंग्रजीत 'ट्रक' म्हणतात, तिची चौकशी करायची आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसता. एकेक विणणारी बाई शपथ घेऊन खुर्चीत बसते. प्रश्न विचारले जातात, उत्तरं शब्दशः उतरवली जातात. लोकर कुणाची? किंमत कोण ठरवतं? पैसे कधी मागितले होते का? मागितल्यावर काय झालं? काही जणी स्पष्ट बोलतात, काही दुकानदाराचं नाव घ्यायची वेळ आली की अडखळतात. त्यांना उद्या त्याच दुकानात जायचंय.

मग व्यापारी येतात. त्यांचं म्हणणं बिनतोड वाटावं असं आहे. या बायका आमच्या मजूर नाहीत, त्या माल विकतात आणि आम्ही मालाच्या बदल्यात माल देतो. रोख द्यायचं तर भाव कमी करावा लागेल. इथं कायद्याची पळवाट आहे. १८३१ च्या कायद्यानं ठरावीक धंद्यांतल्या मजुरांना मजुरी रोखीत द्यायची सक्ती केली होती. घरी बसून विणणारी बाई त्यात बसतच नव्हती. तिच्या कामाला मजुरी म्हणायचंच नाही असं ठरवलं, की मजुरी चुकवल्याचा प्रश्नही उरत नाही.

गथ्रींचा अहवाल त्याच वर्षी छापला जातो. साक्षींचे हजारो प्रश्न आणि उत्तरं त्यात क्रमांकानिशी आहेत. एरवी ज्यांचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नसतं, अशा बायकांचा आवाज कायमचा टिकला तो या सरकारी कागदांत. कायदा बदलायला मात्र १८८७ साल उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी जमिनीचा कायदा झाला आणि शेतकऱ्याला घरातून हुसकणं अवघड झालं. तरी विणकामातली मालाची चाल त्यानंतरही रेंगाळलीच.

परतीच्या वाटेवर वर्षं भराभर मागं पडतात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्सचा युवराज फेअर आयलचा रंगीत स्वेटर घालून गोल्फ खेळतो आणि एका ओळीत दोन रंग खेळवणारी ती वीण जगभर जाते. युद्धं येतात, विणकामाची यंत्रं येतात. १९७० च्या दशकात सुलम व्होला तेलाचं मोठं बंदर उभं राहू लागतं. स्वयंपाकघरात, कचेऱ्यांत, सफाईत बायकांना महिन्याचा पगार मिळू लागतो. बऱ्याच जणी कंत्राटी विणकाम सोडून देतात. यात हळहळण्यासारखं काय आहे? हाती पगार आल्यावर जे काम लोक आपणहून टाकतात, त्या कामाची मजुरी काय होती ते वेगळं सांगायला नको.

२०१० साली बेटाच्या कौन्सिलनं प्राथमिक शाळांतलं विणकामाचं शिक्षण बंद करायचं ठरवलं, आणि त्याच साली लोकरीचा पहिला आठवडा भरला. शाळेतून विणकाम बाहेर पडलं आणि जगभरचे लोक ते शिकायला बोटीत बसून येऊ लागले. पुढं स्थानिक लोकांनीच स्वयंसेवक जमवून मुलांना पुन्हा शिकवायला सुरुवात केली.

आता तुम्ही पुन्हा आजच्या लर्विकमध्ये आहात. लोकरीच्या गोदामात छपराला टेकतील अशा थैल्या रचलेल्या आहेत आणि अनुभवी हात लोकरीचा पोत बघून तिची प्रत ठरवतायत. शेतकऱ्याला पैसे त्या प्रतीप्रमाणे. दुपारच्या वर्गात सत्तरीची शिक्षिका तुमच्या कमरेला पट्टा बांधते. सुई भोकात रोवल्यावर तुमचे तीन टाके गळतात, शेजारच्या काकूंचे पाच. शिक्षिका हसत नाही. या वर्गाची फी तिनं आधीच रोखीनं घेतलीय, आणि ते ऐकून तुम्हाला बरं वाटतं.

संध्याकाळी हाताने विणलेली जाळीची शाल तुम्ही उलटून पालटून बघता. चिठ्ठीवरचे पाउंड मनात रुपयांत मांडता आणि सवयीनं तोंडाशी येतं, "जरा कमी नाही का होणार?"

तेवढं सोडून दुसरं काहीही विचारा. विणायला किती तास लागले, ते विचारा. सूत कुणी कातलं, धुऊन ताणली कुणी, तेही विचारा. मग चिठ्ठीवरच्या आकड्याला त्या तासांनी भागा. शालीची किंमत जास्त आहे की कमी, ते भागाकारानंतर ठरवा.