हौशी मुद्रकमंडळें व बालांच्या अद्भुतकथा : एका परंपरेचा शोध

अमेरिकेंत व इंग्लंडांत ज्यांस 'अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' म्हणतात, त्या मंडळांचा इतिहास आमच्याकडे फारसा परिचित नाहीं. मंडळाचा प्रत्येक सभासद आपलें लहानसें नियतकालिक स्वतःच लिहितो, स्वतःच छापतो व ठराविक संख्येच्या प्रती एका मध्यवर्ती अधिकाऱ्याकडे धाडतो. तो अधिकारी सर्वांच्या प्रती एकत्र बांधून एकेक गठ्ठा प्रत्येक सभासदास टपालानें रवाना करतो. यांत विक्री नाहीं, नफा नाहीं, आणि लेखक व वाचक हा भेदही नाहीं. विसाव्या शतकांत अद्भुतकथांच्या रसिकांनीं ही पद्धति इतकी आपलीशी केली कीं ती त्यांनींच निर्माण केली असें प्रथमदर्शनीं वाटावें. परंतु उपलब्ध साधनें पाहतां तिचें मूळ बरेंच मागें जातें, आणि तें मुलांच्या हातांपर्यंत पोंचतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या परंपरेची पहिली पायरी मुद्रित नसून हस्तलिखित आहे. यॉर्कशर परगण्यांतील हॉवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाच्या घरीं १८२६ सालीं लांकडी शिपायांचा एक संच आला. त्या शिपायांभोंवतीं ब्राँटी भावंडांनीं 'ग्लास टाउन' नांवाचें एक कल्पित राज्य उभें केलें. १८२९-३० च्या सुमारास शार्लट व ब्रॅनवेल यांनीं त्या राज्याचीं मासिकें हातानें लिहून काढलीं. त्यांचीं पानें आगपेटीएवढीं, अक्षर छापील अक्षरासारखें परंतु इतकें बारीक कीं भिंगावांचून वाचवत नाहीं. बाहुल्यांच्या मापाचें हें मासिक बाहुल्यांनींच वाचावें अशी त्यांतील कल्पना. १८३० सालचा असा एक अंक पॅरिसमधील लिलावांत २०१९ सालीं ब्राँटी सोसायटीनें सहा लाख युरोंच्या बोलीनें विकत घेतला. घरच्या घरीं शिवलेल्या या चिठोऱ्याचें मोल ठरण्यास जवळजवळ दोन शतकें लागलीं.

दुसरें उदाहरण चार्लस डॉजसन, म्हणजेच लुइस कॅरोल, याचें. त्यानें १८४५ पासून भावंडांच्या करमणुकीसाठीं घरगुती हस्तलिखित मासिकें चालविलीं. त्यांपैकीं 'मिश्मॅश' या संग्रहांत १८५५ सालीं एका निरर्थक कवितेचें पहिलें कडवें आढळतें. तें त्यानें जुन्या पोथींतील अवशेष असल्याच्या थाटांत, मुद्दाम प्राचीन वळणाचें अक्षर काढून व खालीं शब्दार्थ देऊन उतरविलें होतें. हेंच कडवें पुढें 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकांतील प्रसिद्ध कवितेचा आरंभ झालें. संशोधकांच्या टीपालेखनाची ती थट्टा होती, हें येथें नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. याच गृहस्थानें अॅलिस लिडेल या मुलीस १८६४ सालीं स्वहस्तें लिहून व चित्रें काढून भेट दिलेली पोथी १९२८ सालीं लिलावांत १५,४०० पौंडांस गेली. ती अमेरिकेंत पोंचली आणि १९४८ सालीं कांहीं अमेरिकन देणगीदारांनीं ब्रिटिश म्यूझियमास परत अर्पण केली.

हस्तलिखिताकडून मुद्रणाकडे जाण्याचें कारण यांत्रिक आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर, १८६७ च्या सुमारास, टेबलावर मावणारीं स्वस्त छापयंत्रें तेथें विकूं लागलीं, व तीं मुलांस भेट देण्याची चाल पडली. न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज शहराजवळ 'रोझ लॉन' नांवाच्या घरीं राहणाऱ्या लायमन फ्रँक बॉम या मुलास वडिलांकडून असेंच यंत्र मिळालें. धाकट्या भावाच्या साहाय्यानें त्यानें १८७०-७१ च्या सुमारास 'रोझ लॉन होम जर्नल' हें पत्र छापलें. १८७३ सालीं टपालतिकिटांच्या व्यापाऱ्यांची एक सूचीही त्यानें काढली. हाच मुलगा पुढें 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' (१९००) या बालकथेचा कर्ता झाला. छापण्याचा नाद मात्र त्यास सुटला नाहीं. १८९८ सालीं आपल्या कवितांचें एक पुस्तक त्यानें शिकागो येथील घरच्या कारखान्यांत स्वतः खिळे जुळवून छापलें व बांधलें. त्याच्या अवघ्या ९९ प्रती निघाल्या. संग्राहकांस या आंकड्याचें महत्त्व सांगावयास नको.

बॉमसारखीं शेंकडों मुलें आपापलीं पत्रें छापून परस्परांस पाठवूं लागलीं, तेव्हां त्यांस संघटनेची गरज भासली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षीं, म्हणजे १८७६ सालीं, फिलाडेल्फिया येथें 'नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' स्थापन झालें. वार्षिक संमेलन, निवडणुका, मंडळाचें मुखपत्र, उत्तम लेखनास मानपत्रें, असा तिचा सर्व थाट प्रौढांच्या सभांचा होता; सभासद मात्र बव्हंशीं किशोरवयीन. १८९५ सालीं 'युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' हें दुसरें मंडळ निघालें.

या हौशी मुद्रकांस अद्भुतकथेशीं जोडणारा दुवा म्हणजे हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. यानें लहानपणींच, १९०३ पासून, ज्योतिषविषयक पत्र सरसाच्या लगद्यावर उठवून काढलें होतें. १९१४ सालीं तो 'युनायटेड' मंडळांत शिरला, १९१५ पासून 'कॉन्झर्व्हेटिव्ह' नांवाचें स्वतःचें पत्र चालवूं लागला, आणि १९१७-१८ सालीं त्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याची 'द अल्केमिस्ट' ही गोष्ट १९१६ सालीं प्रथम छापली गेली ती मंडळाच्या मुखपत्रांतच. धंदेवाईक मासिकांनीं त्यास पुढें उचललें. १९२२-२३ सालीं 'नॅशनल' मंडळाचेंही अध्यक्षपद त्याजकडे आलें. त्याच्याशीं पत्रव्यवहार असणाऱ्या तरुणांत डोनल्ड वॉलहाइम हा एक होता. लव्हक्राफ्ट १९३७ च्या मार्चांत वारला, आणि त्याच वर्षीं वॉलहाइम व जॉन मिशेल यांनीं 'फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' काढलें. तेव्हां १९३७ हा या परंपरेचा जन्म नसून ती एका शाखेंतून दुसरींत गेल्याचा क्षण होय, असा निष्कर्ष निघतो.

या नव्या मंडळाचे नियम ध्यानांत घेण्याजोगे आहेत. गठ्ठे वर्षांतून चार वेळां निघत. प्रत्येक सभासदानें वर्षास निदान कांहीं ठराविक पानें दिलींच पाहिजेत. न देईल त्याचें नांव पटावरून जाई. आरंभीं सभासदसंख्या ५० वर बांधलेली होती. सरसाच्या लगद्यावरून एका मूळ पानाच्या वाचनीय प्रती साधारण तितक्याच निघतात. यंत्राची मर्यादा व मंडळाची मर्यादा जुळावी, हा केवळ योगायोग आम्हांस वाटत नाहीं. पुढें पुढें मागील गठ्ठ्यांतील लेखांवर पुढील गठ्ठ्यांत अभिप्राय देण्याची चाल पडली, व या पत्रांस चक्री पत्रव्यवहाराचें रूप आलें.

बालांच्या अद्भुतकथांचे रसिकही याच वळणानें संघटित झाले. १९५७ सालीं जस्टिन शिलर या तेरा वर्षांच्या मुलानें बॉमच्या पुस्तकांसाठीं 'इंटरनॅशनल विझर्ड ऑफ ऑझ क्लब' काढला. आरंभींचे सभासद सोळा. 'बॉम ब्यूगल' या मुखपत्राचा पहिला अंक त्याच वर्षीं जूनमध्यें निघाला. बॉमच्या पुस्तकांच्या आवृत्ति, बांधणी व चित्रें यांची बारीक छाननी याच पत्रानें पुढें केली, आणि हा मुलगा मोठेपणीं दुर्मिळ बालपुस्तकांचा नामांकित व्यापारी झाला. टॉल्किनच्या ग्रंथांविषयीं म्हणावें तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ची कागदी बांधणीची स्वस्त आवृत्ति १९६५ सालीं अमेरिकेंत ग्रंथकर्त्याच्या अनुज्ञेवांचून निघाली, ती वॉलहाइमच्याच संपादकत्वाखालीं! त्याच सालीं न्यूयॉर्कांत रिचर्ड प्लॉट्झ या विद्यार्थ्यानें टॉल्किन सोसायटी स्थापिली. १९६७ सालीं कॅलिफोर्नियांत ग्लेन गुडनाइट यानें मिथोपिइक सोसायटी सुरू केली, व १९७२ सालीं पहिली संस्था दुसरींत विलीन झाली. या सर्वच संस्था टपाल-गठ्ठ्यांच्या मंडळांच्या व्याख्येंत तंतोतंत बसत नाहींत. परंतु सभासदानें स्वतः लिहावें, छापावें व वांटावें ही वृत्ति एकच आहे.

आतां साधनांच्या स्थितीविषयीं. या पत्रांच्या प्रती मूळचीच थोड्या, कागद हलका, व लगद्यावरील जांभळी शाई उजेडांत विटते. एडविन हॅडली स्मिथ (१८६९-१९४४) या एकट्या गृहस्थानें हौशी पत्रांचा प्रचंड संग्रह केला. तो अनेक ठिकाणीं फिरून २००४ सालीं विस्कॉन्सिन विश्वविद्यालयांत सुरक्षित पोंचला. वुस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीनेंही एकोणिसाव्या शतकांतील पत्रें जतन केलीं आहेत. तथापि संग्राहकांकडून एक हानि नकळत होते. प्रसिद्ध लेखकाचें पान हातीं लागतांच गठ्ठा सोडविला जातो, तें पान राहतें व बाकीचीं पानें विखुरतात. दफ्तरांतून एकच सनद काढून घेतली म्हणजे रुमालाचा संदर्भ तुटतो, तसेंच हें. कोणी कोणास उत्तर दिलें, कोणतें पान आधींचें, टोपण नांवाखालीं कोण लिहीत होतें, याचा निर्णय संपूर्ण गठ्ठ्यावरूनच होतो.

बालकथेचा इतिहास आजवर ग्रंथकर्ते व प्रकाशक यांच्या कागदांवरून लिहिला जातो. ज्यांच्यासाठीं त्या कथा लिहिल्या त्या मुलांचें मत मात्र या विटक्या पानांतच काय तें उरलें आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, असा गठ्ठा हातीं आल्यास तो सोडूं नये. त्यावरील टपालाचा शिक्का, सभासदांची यादी व पानांचा क्रम यांसह तसाच राखावा. हॉवर्थच्या त्या बोटभर मासिकाची ओळख पटली ती कोणीतरी तें फेंकून दिलें नाहीं म्हणून.